मशीनला लाख डॉलर, समजावायला सहा क्लास, आणि तेही कुणाला मिळेनात

मागच्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) २.९ आलं आणि त्याखाली ईजीएफआर २२. अप्पा ७१ वर्षांचे, मूळचे सांगलीचे, न्यू जर्सीत तीसेक वर्षं नोकरी करून रिटायर झालेले, डायबेटिस जुना. रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला आणि तासाभरात पुनर्नव्याचा काढा, गोखरू, कुणाच्या तरी साडूचा अनुभव आणि "डायलिसिस म्हणजे संपलंच" असं सगळं येऊन गेलं. नव्या डॉक्टरांनी मात्र त्यांना एक कागद दिला, वर लिहिलेलं ‘किडनी डिसीज एज्युकेशन’. अप्पांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन मला म्हणाले, "या वयात क्लास लावायला सांगतायत गं."

मला पण तेव्हाच कळलं की असा क्लास असतो, त्याचे पैसे मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी विमा, देतं, आणि हे २०१० पासून चालू आहे. आधीच्या क्लिनिकमध्ये आम्ही दीड वर्ष जात होतो, तिथे कुणी हा शब्दसुद्धा काढला नव्हता. मग खोदत बसले तर कळलं की आम्हीच एकटे नाही, ज्यांचा हक्क आहे त्यांच्यातल्या जवळजवळ कुणालाच हा क्लास मिळत नाही, आणि ही सोय वाढवा म्हणून अमेरिकेच्या संसदेत पुन्हा पुन्हा बिल येतं आणि तिथेच राहतं. ज्यांचे आईवडील इकडे आहेत त्यांनी तरी हे वाचावंच. मी डॉक्टर नाहीये, तेव्हा औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त इन्शुरन्सचा गुंता सोडवून दाखवतेय.

आधी दोनच शब्द: ईजीएफआर आणि स्टेज

किडनी म्हणजे गाळणी हे सगळ्यांना माहितीये. ती गाळणी दर मिनिटाला किती रक्त साफ करते याचा रक्ताच्या तपासणीवरून काढलेला अंदाज म्हणजे ईजीएफआर. ढोबळमानाने शंभरातले मार्क समजा, अगदी शास्त्रशुद्ध नाही पण घरात समजावायला पुरतं. अप्पांना २२ मार्क. त्यावरून पाच स्टेज करतात, जितका स्टेजचा नंबर मोठा तितकी तब्येत वाईट, म्हणजे हे शाळेच्या उलटं. १५ ते २९ मार्क असले की स्टेज चार, १५ च्या खाली गेले की स्टेज पाच. पाचमध्ये गेलं की लगेच डायलिसिस असं नसतं, पण दार दिसायला लागलेलं असतं.

आणि किडनी बोलत नाही हीच मोठी पंचाईत आहे. दात दुखला की रात्रीची झोप उडते, किडनी मात्र अर्धी गेली तरी माणूस बागेत पाणी घालत फिरत असतो. अमेरिकेत साधारण साडेतीन कोटी प्रौढ लोकांना किडनीचा जुनाट आजार आहे असं सरकारी अंदाज सांगतो, म्हणजे सातातला एक, आणि त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं.

मेडिकेअरचा किडनीवर एवढा जीव का

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा, मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी. त्याचा ‘पार्ट बी’ नावाचा भाग डॉक्टर, तपासण्या, ओपीडी असलं बघतो, त्याला दर महिना हप्ता असतो. वर्षाच्या सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची (डिडक्टिबल, २०२५ साली ती २५७ डॉलर होती), नंतरच्या बिलातले ८० टक्के मेडिकेअर देतं, २० टक्के आपले. एवढं कळलं की पुढचं सोपं आहे.

आता गंमत अशी की एकच मोठा अवयव असा आहे की तो निकामी झाला तर वय न बघता मेडिकेअर मिळतं, तो म्हणजे किडनी. याला इतिहास आहे. डायलिसिसची मशीनं आली तेव्हा ती इतकी कमी आणि इतकी महाग होती की १९६२ च्या सुमारास सिअॅटलमध्ये, कुणाला मशीन द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवायला चक्क गावातल्या सामान्य नागरिकांची समिती बसायची. म्हणजे जगायचं कुणी हे कमिटी ठरवणार. मग १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये शेप ग्लेझर नावाच्या पेशंटने संसदेच्या समितीसमोर, तिथेच, मशीन लावून घेऊन डायलिसिस करून दाखवलं. पुढच्याच वर्षी निक्सनच्या सहीने कायदा झाला आणि जुलै १९७३ पासून कायमची किडनी गेलेल्यांचा खर्च मेडिकेअरकडे आला.

तेव्हापासून मशीनला पैसे आहेत. हे मोठंच काम झालं, त्यात वाद नाही. पण मशीनपर्यंत पोचायच्या आधी माणसाशी कुणीतरी बसून बोललं पाहिजे याला पैसे द्यायला पुढची छत्तीस-सदतीस वर्षं गेली. २००८ च्या जुलैमध्ये एक कायदा झाला (बुश यांनी व्हेटो केला होता, संसदेने तो फिरवला) आणि त्यातल्या एका कलमाने १ जानेवारी २०१० पासून हा क्लास मेडिकेअरमध्ये आला.

क्लासमध्ये होतं तरी काय

कायद्यात लिहिलंय ते असं: डायबेटिस-बीपी कसं सांभाळायचं, डायलिसिसची वेळ लांबवायची कशी, पुढे काय काय त्रास होऊ शकतो आणि तो कसा टाळायचा, आणि वेळ आलीच तर पर्याय कुठले. आयुष्यात एकूण सहा सेशन, प्रत्येक तासाभराचं, एकट्याचं किंवा ग्रुपमध्ये. कागदावर हे वाचलं तर वाटतं यात काय एवढं. मी अप्पांच्या पहिल्या दोन सेशनला बरोबर होते म्हणून सांगते.

पहिल्या सेशनला नर्स प्रॅक्टिशनर होती (म्हणजे जवळपास डॉक्टरसारखंच काम करणारी जास्त शिकलेली नर्स), तिने अप्पांना विचारलं गुडघेदुखीला काय घेता. अप्पा म्हणाले अॅडव्हिल, रोज रात्री एक, कधी दोन. अॅडव्हिल म्हणजे आपलं ब्रुफेनच. ती दोन सेकंद गप्पच बसली. मग म्हणाली, ही गोळी किडनीला जड, आजच्या आज बंद. दोन वर्षं अप्पा ती घेत होते, किराणासामानाबरोबर दुकानातून येते, तिला प्रिस्क्रिप्शन लागत नाही, त्यामुळे औषधांच्या यादीत कुणी ती लिहिलीच नव्हती.

मग तिने त्यांचा डावा हात हातात घेतला आणि कोपराजवळची शीर दाबून बघितली. म्हणाली, यापुढे रक्त काढायचं असेल तर उजव्या हाताच्या पंजावरून काढायला सांगा, डाव्या हाताला सुई नको, ही शीर आपल्याला लागू शकते. का, तर मशीनच्या डायलिसिसला रक्त जोरात बाहेर यावं लागतं, त्यासाठी छोटं ऑपरेशन करून हातातली धमनी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात, आणि तो वापरण्याजोगा व्हायला दोन-तीन महिने तरी जातात, कधी जास्त. म्हणजे हे बाजारात जाऊन आणायचं काम नाहीये, हे दही लावण्यासारखं आहे, आदल्या रात्री विरजण घातलं नसेल तर सकाळी कितीही पैसे टाकले तरी दही नाही.

दुसऱ्या वेळी तिने पोटाच्या डायलिसिसची पिशवी आणली होती, दोन लिटरची. अप्पांच्या हातात दिली, उचलून बघा म्हणाली. अप्पांनी ती वरखाली करून बघितली आणि मराठीत मला म्हणाले, "दुधाच्या चार पिशव्या की गं या." ही पिशवी पोटात सोडायची, काही तास ठेवायची, काढायची, घरच्या घरी, दिवसातून तीन-चार वेळा नाहीतर रात्री झोपेत छोट्या मशीनवर. दुसरीकडे सेंटरवरचं डायलिसिस म्हणजे आठवड्याला तीन दिवस, प्रत्येक वेळी चारेक तास, शिवाय जायचंयायचं. तिसरा रस्ता ट्रान्सप्लांट. इथे तर मला खरंच धक्का बसला, कारण ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर नंबर लागायला डायलिसिस चालू असायची गरजच नाही, ईजीएफआर २० किंवा खाली आला की नाव घालता येतं आणि तेव्हापासून तुमचा वेळ मोजला जातो. रांगेत नव्वद हजारांच्या आसपास माणसं. अप्पा २२ वर होते. हे आम्हाला कुणी सांगितलं नसतं तर आम्ही घरात बसून काढा उकळत बसलो असतो.

सासूबाईंनी त्यांचा प्रश्न आधीच लिहून आणला होता: चिंचगुळाची आमटी चालेल का. आता आमटी काय हे नर्सला सांगता सांगता माझी दमछाक झाली, आणि शेवटी ती म्हणाली की पोटॅशियमचं बारीकसारीक डाएटिशियन सांगेल, पण ती या क्लासमध्ये शिकवू शकत नाही, तिची वेगळी अपॉइंटमेंट घ्या, ते वेगळ्या नावाखाली बसतं. सासूबाई मला कानात म्हणाल्या, "म्हणजे आमटी वेगळ्या खिडकीवर."

खरंच वेगळी खिडकी आहे. मेडिकेअरमध्ये ‘मेडिकल न्यूट्रिशन थेरपी’ म्हणून आहाराच्या सल्ल्याची दुसरी सोय आहे, पहिल्या वर्षी तीन तास, पुढे दरवर्षी दोन, आणि तिथे पेशंटला एक पैसा भरावा लागत नाही. किडनीच्या क्लासला मात्र २० टक्के आपले.

मग अडतं कुठे

अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासनीस खात्याने, जीएओ त्याचं नाव, २०१५ च्या रिपोर्टमध्ये आकडा दिला होता: २०१० आणि २०११ मध्ये पात्र पेशंटपैकी दोन टक्क्यांपेक्षाही कमी लोकांनी हा क्लास घेतला. शंभराची पंगत मांडायची आणि जेवायला दोघं, हे झालं कसं?

पहिलं कारण वेळेचं. क्लास फक्त स्टेज चारला. तीनला नाही, पाचला नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना जेव्हा पहिल्यांदा किडनीचं कळलं तेव्हा त्यांचा ईजीएफआर १२ होता, कारण आधी कधी तपासलंच नव्हतं. त्यांनी स्वतः क्लासबद्दल विचारलं तर उत्तर आलं, तुम्ही स्टेज पाच, मेडिकेअर पैसे देणार नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात घाईने समजून घ्यायचंय त्यालाच वर्गाबाहेर उभं केलं. दोन महिन्यांनी ते इमर्जन्सीत, मानेत कॅथेटर, म्हणजे नळी घालून डायलिसिस सुरू. ते काही जगावेगळे नाहीत हो, अमेरिकेत मशीनचं डायलिसिस सुरू करणाऱ्या दहातल्या आठ जणांची सुरुवात अशी कॅथेटरनेच होते, आणि त्यात इन्फेक्शनची भीती फिस्टुलापेक्षा बरीच जास्त.

आणि यातच एक असा पेच आहे की तो कळल्यावर मी अक्षरशः कपाळाला हात लावला. समजा पन्नाशीतला माणूस आहे, स्टेज चार. त्याला मेडिकेअर नाही, कारण वय ६५ नाही आणि किडनी अजून पूर्ण गेलेली नाही. त्यामुळे क्लास नाही. पुढे किडनी गेली, आता मेडिकेअर मिळालं, पण आता तो स्टेज चारमध्ये नाही. त्यामुळे क्लास नाहीच. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, इथे तर झोपा बांधूच दिला नाही.

दुसरं कारण शिकवणाऱ्यांचं. पैसे मिळणार फक्त डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट, नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट यांना, आणि गावाकडच्या भागातल्या काही हॉस्पिटलांना वगैरे. साधी अनुभवी डायलिसिस नर्स, डाएटिशियन, सोशल वर्कर, यांनी स्वतः शिकवलं तर बिल लागत नाही. डायलिसिस सेंटरला तर कायद्यानेच बाहेर ठेवलंय. आता तुम्हीच विचार करा, नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरचा, एक तास केवढ्याला पडतो, आणि मेडिकेअर या क्लासचे देणार शंभरेक डॉलर, भागाप्रमाणे कमीजास्त. शिवाय सेशन एकतीस मिनिटांच्या वर गेलंच पाहिजे, शेवटी पेशंटला किती समजलं ते तपासायचं, सगळं लिहून ठेवायचं. डॉक्टर पण माणूसच आहे, तो म्हणतो त्या वेळात चार पेशंट बघतो.

तिसरं, चिठ्ठी. किडनीचा इलाज करणाऱ्या डॉक्टरनेच पाठवलं पाहिजे. तुमचं सगळं बघणारी क्लिनिकमधली नर्स प्रॅक्टिशनर स्वतः क्लास घेऊ शकते, पण क्लासला पाठवायची चिठ्ठी देऊ शकत नाही. हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

"वाढवा" म्हणतात म्हणजे नक्की काय

संसदेत गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा येणारं एक बिल आहे, लांबलचक नावाचं, किडनीच्या आजारावरचं संशोधन आणि उपचार सुधारण्यासाठीचं. त्यात बाकी पण बरंच आहे, पण क्लासबद्दल तीन गोष्टी मागितल्यात. स्टेज पाचच्या, अजून डायलिसिसवर न गेलेल्या लोकांनाही क्लास द्या. चिठ्ठी फिजिशियन असिस्टंट आणि नर्स मंडळींनाही लिहू द्या. आणि डायलिसिस सेंटरलाही शिकवू द्या. बिल येतं, दोन्ही पक्षांचे खासदार सह्या करतात, आणि मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून. विरोध असा फारसा कुणाचा नाही, पण घाईही कुणाला नाही.

कायदा होईना म्हणून सरकारने मागच्या दाराने थोडं केलं. जुलै २०१९ मध्ये ट्रम्प यांनी किडनीबद्दल एक आदेश काढला, त्याच्या जोडीला आरोग्य खात्याने उद्दिष्ट ठेवलं ते असं की २०२५ पर्यंत नव्याने किडनी गेलेल्यांपैकी ८० टक्के लोक एकतर घरी डायलिसिस करतील नाहीतर त्यांना ट्रान्सप्लांट मिळेल. उद्दिष्ट म्हणून ठीक, पण आजही सेंटरवर जाऊन डायलिसिस करणारेच बहुसंख्य आहेत, घरी करणारे सातातल्या एकाच्या आसपास. त्या आदेशाच्या पाठोपाठ १ जानेवारी २०२१ पासून देशाच्या साधारण तीस टक्के भागात एक प्रयोग सुरू झाला, तो २०२५ अखेर बंद केला. त्यात क्लासचे नियम सैल केले होते: स्टेज पाचवाल्यांना चालेल, डायलिसिस सुरू होऊन सहा महिन्यांच्या आतल्यांनाही चालेल, डॉक्टरच्या देखरेखीखाली डाएटिशियन आणि सोशल वर्करने शिकवलं तरी चालेल. २०२२ पासूनच्या दुसऱ्या, ऐच्छिक प्रयोगातही अशीच सूट. म्हणजे सरकारलाही माहितीये कुंपण कुठे चुकलंय. पण प्रयोगाला शेवटची तारीख असते, आणि पहिल्या प्रयोगात तर तुमचा पिनकोड कुठला यावर सगळं अवलंबून होतं, नदीच्या अल्याड क्लास मिळणार आणि पल्याड नाही, त्यामुळे मूळ कायद्यात हात घातल्याशिवाय हे सुटणार नाही असं माझं मत आहे.

"पण डॉक्टर सांगतातच की"

सांगतात. दहा-पंधरा मिनिटांत क्रिएटिनिन, बीपी, गोळ्या बदलणे आणि "काळजी घ्या". त्यात चूक डॉक्टरची नाही, पण "डायलिसिस" हा शब्द कानावर पडल्यावर पुढची पाच मिनिटं माणसाला काहीच ऐकू येत नाही. अप्पांना पहिल्या डॉक्टरने पोटाच्या डायलिसिसबद्दल सांगितलं होतं म्हणे, फाइलमध्ये तशी नोंद आहे. अप्पा शपथेवर सांगतात, ऐकलंच नाही. मला दोघांचंही खरं वाटतं.

यूट्यूबवर सगळं आहे हेही खरं. पण यूट्यूब तुमचा डावा हात दाबून बघत नाही आणि तुमच्या कपाटात अॅडव्हिल आहे का विचारत नाही. शिवाय तिथे पोटॅशियम म्हटलं की एकजण नारळपाणी पाजतो आणि दुसरा बटाटा-टोमॅटो जन्मभरासाठी बंद करून टाकतो. खरं तर काय बंद करायचं हे तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं, आणि चिंचगुळाची आमटी (डाएटिशियनच्या खिडकीवर अखेर निकाल लागला) अप्पांना चालते, वाटीभर, रोज नाही.

"खर्च वाढेल त्याचं काय?"

हा आक्षेप रास्त आहे, पैसे झाडाला लागत नाहीत. पण आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. सहाच्या सहा क्लास एकट्याने घेतले तर सहा-सातशे डॉलर. एका माणसाचं एका वर्षाचं मशीनचं डायलिसिस मेडिकेअरला ९० हजार ते एक लाख डॉलरच्या घरात पडतं. मेडिकेअरमध्ये किडनी गेलेले लोक शंभरात एक, पण खर्चातले शंभरातले सहा-सात डॉलर त्यांच्यावर जातात. एका पेशंटची वेळ एक आठवड्याने लांबली, फक्त एक आठवडा, तरी सगळ्या क्लासची फी निघून वर उरते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्लास घेतलेले लोक जास्त प्रमाणात घरी डायलिसिस निवडतात, तयारीनिशी सुरुवात करतात असं अभ्यासांमध्ये दिसतं, पण जे क्लासला जातात ते मुळातच जरा सावध, घरचा पाठिंबा असलेले असतात, तेव्हा सगळं श्रेय क्लासला देता येत नाही. क्लासमुळे किडनी बरी होते असं तर कुणीच म्हणत नाहीये. पण दोन टक्के लोकच येतायत तोवर याचा धड हिशेब तरी कसा मांडणार?

डायलिसिस सेंटरनेच शिकवायचं?

बिलातल्या तीन मागण्यांपैकी दोन मला डोळे झाकून मान्य आहेत, ही तिसरी मात्र गळ्याखाली उतरत नाही. सेंटरवाल्यांचं म्हणणं असं की आमच्याकडे रोज हेच काम करणारी नर्स आहे, डाएटिशियन आहे, सोशल वर्कर आहे, जागा आहे, आणि हे बरोबरच आहे. मोठ्या कंपन्या असे क्लास आजही आपल्या खर्चाने फुकट घेतात. पण अमेरिकेतलं डायलिसिस बहुतांशी दोन कंपन्यांच्या हातात आहे, आणि खुर्ची भरलेली असणं हाच त्यांचा धंदा. त्यांच्याच क्लासमध्ये "डायलिसिसच्या आधीच ट्रान्सप्लांटची खटपट करा" किंवा "या वयात डायलिसिस न करता औषधांवर शांतपणे राहणं हाही एक पर्याय आहे" हे किती जोरात सांगितलं जाईल? मंगल कार्यालयवाल्याला विचारलं की लग्न रजिस्टर करावं का, तर तो काय सांगणार.

तरी पूर्ण नाही म्हणवत नाही, कारण गावाकडे शंभर मैलांत दुसरं कुणी नसतं. माझ्या मते सेंटरला द्या, पण सगळे पर्याय सांगितले याची लेखी नोंद पेशंटच्या सहीने घ्या, आणि डाएटिशियन-सोशल वर्करला सेंटरच्या बाहेरही स्वतंत्रपणे शिकवू द्या. तसं झालं तर सेंटरशिवाय दुसरं दार राहतं. काही लोक म्हणतील सहीला कोण विचारतं, इथे रोज दहा कागदांवर सह्या करतोच. तेही आहेच.

आमच्या आईबाबांना मिळेल का?

हा प्रश्न मला मंडळात सगळ्यात जास्त विचारला जातो. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्या आईबाबांना मेडिकेअर नाही, म्हणजे क्लासचा प्रश्नच येत नाही, आणि त्यांचा प्रवासी विमा जुन्या आजाराला बहुतेक हात लावत नाही. ग्रीन कार्ड असेल तर वय ६५ पूर्ण आणि इथे सलग पाच वर्षं राहिलेले असले की हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. इथे स्वतः किंवा जोडीदाराने दहा वर्षं नोकरी करून टॅक्स भरला असेल तर हॉस्पिटलच्या भागाचा (पार्ट ए) हप्ता नाही, पण क्लास पार्ट बीमध्ये आहे, तो हप्ता सगळ्यांनाच. मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, असेल तरी मूळ मेडिकेअरमधलं सगळं त्यांना द्यावंच लागतं, त्यामुळे क्लास तिथेही आहे, फक्त नेटवर्कमधलं कोण घेतं ते फोन करून विचारा.

भारतातल्या नातेवाइकांनी विचारलं तर मी एवढंच म्हणते की तिकडेही पैसा मशीनपासूनच सुरू झालाय, २०१६ च्या केंद्राच्या कार्यक्रमाचं नावच ‘राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम’ आहे. त्याआधीचा तास तुम्हाला मागूनच घ्यावा लागणार.

डॉक्टरकडे गेलात तर स्टेज विचारू नका, ईजीएफआरचा नंबर विचारा आणि वहीत तारखेसकट लिहा. तीसच्या खाली दिसला तर त्याच दिवशी म्हणा, मला किडनी डिसीज एज्युकेशनची चिठ्ठी द्या. याच शब्दांत म्हणा, कारण "काहीतरी माहिती द्या" म्हटलं की हातात रंगीत पत्रक मिळतं आणि आपण बाहेर. जास्तीचा विमा असेल तर वरचे २० टक्के तो देतो का तेही बघून घ्या.

अप्पांचे चार क्लास झालेत, दोन शिल्लक आहेत. परवाच्या रिपोर्टला ईजीएफआर १९ आला, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः ट्रान्सप्लांट सेंटरच्या नंबरवर मेसेज ठेवला, पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि नंबर दोनदा सावकाश सांगून. उरलेले दोन क्लास ते मुद्दाम राखून ठेवतायत. सासूबाई म्हणतात आत्ताच घेऊन टाका, पाच नंबरात गेलात तर ते बाद होतील.